धुतलेल्या हातांचा कागद

एका खासगी हॉस्पिटलात मी बावीस वर्षं नोकरी केली आणि त्या बावीस वर्षांत एकाही पेशंटची नाडी धरली नाही. माझं खातं हाउसकीपिंगचं. म्हणजे फरशी, चादरी, संडास, कचरा, पाणी, डास, उंदीर आणि हात पुसायची सोय. यातलं शेवटचं काम ऐकून लोक हसतात. “सोलापुरात राहून हात पुसायला काय पुसायचं याचा विचार करावा लागतो?” असं माझे धाकटे दीर भेटतील तेव्हा विचारतात. मी आजवर हसून विषय बदलत आले. नोकरी गेल्या वर्षी सोडली, तेव्हा आता सांगायला हरकत नाही.

बाहेरच्यांसाठी आधी दोन गोष्टी. हॉस्पिटलात हात धुणं हे निम्मंच काम असतं. ओला हात कोरड्या हातापेक्षा जास्त जंतू पसरवतो, म्हणून पुसणं हे उरलेलं निम्मं. दुसरी गोष्ट अशी की धुण्याला पाणी आणि साबण लागतो, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत असतं. पुसण्यावर कधीच होत नाही.

मी रुजू झाले तेव्हा आमच्याकडे कापडी नॅपकिन होते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून विणीत दोष राहिलेला माल आम्ही घ्यायचो आणि त्याचे वीतभर तुकडे शिवून घ्यायचो. एकदा हात पुसला की नॅपकिन निळ्या बादलीत, तिथून उकळत्या पाण्यात, मग इस्त्री, मग घडी. माझ्या मते याहून चांगली पद्धत नव्हती. पण तिला पाणी फार लागायचं, आणि नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात धुण्याघरासाठी टँकर उभा करणं उन्हाळ्यात जिवावर यायचं. शिवाय नॅपकिन पाय फुटल्यासारखे जायचे. डिस्चार्ज झालेल्या एका आजीच्या पिशवीत मला सहा सापडले. “आजी, हे हॉस्पिटलचे आहेत,” म्हटलं तर म्हणाल्या, “मंग? येवढ्या मोठ्या बिलात हे धरलं नसतील व्हय?” मी दोन परत घेतले, चार राहू दिले.

मग हवेची यंत्रं आली. भिंतीवर पांढरा डबा, खाली हात धरला की गरम वारा. साहेब, म्हणजे आमचे प्रशासन अधिकारी, या यंत्रांवर खूश होते. कचरा नाही, धुणं नाही, एकदा बसवलं की झालं. बाहेरच्या संडासात ती ठीक चालली. तिथे नातेवाइकांनी त्यांचे अनेक उपयोग शोधले. बाळाचा लंगोट वाळव, भिजलेला शर्ट अंगावरच वाळव. एक पैलवानी गृहस्थ रोज सकाळी त्याखाली वाकून केस वाळवायचे आणि मला बघून म्हणायचे, “मॅडम, जरा उंचावर बसवा की वो, मान दुखतीया.”

वॉर्डात मात्र ती यंत्रं नापास झाली. तासाला पंधरा वेळा हात धुणाऱ्या नर्सला दर वेळी वाऱ्याखाली अर्धं मिनिट उभं राहायला वेळ नसतो. ती हात अ‍ॅप्रनला पुसते, आणि मग धुतले न धुतले सारखेच. लाइट गेली की जनरेटरवर डिझेल जाळून आम्ही हात वाळवणार, हेही मला पटत नव्हतं. नवजात बाळांच्या विभागात तर यंत्र सुरू झालं की दीड किलोचं बाळ दचकून हातपाय आखडायचं. संसर्ग रोखण्याचं काम बघणाऱ्या रेहाना सिस्टरनी तिथल्या बटणावर सरळ चिकटपट्टी मारली. “मॅडम, ये मशीन है या गिरणी? मैं नई चलाती,” म्हणाल्या.

तेव्हा साहेबांनी मला तक्ता करायला सांगितला. कापड, हवा, कागद. तक्ता हे माझं आवडतं काम. मी रोज पुठ्ठ्याच्या डायरीत यादी करते आणि झालेल्या कामावर लाल रेघ मारते. बायका माझ्यामागे म्हणायच्या, मॅडम सकाळी देवालासुद्धा यादी देत असतील. दोन महिने मी पाणी, साबण, वीज, डिझेल, वाहतूक, कचरा असं सगळं मोजलं. वॉर्डासाठी कागद योग्य निघाला आणि सगळ्यांत महागही कागदच निघाला. टॉवेलच्या गावात दुसऱ्या राज्यातून ट्रकने कागदाची खोकी येणार, एकदा हात पुसून तो फेकायचा. त्यात हाताला येईल त्या पिशवीत टाकायची लोकांना सवय. दवाखान्याच्या घाणीची पिवळी पिशवी जाळायला जाते, तिचे पैसे वजनावर, आणि ओला कागद दगडासारखा जड. तेवढं झाड, तेवढं पाणी, तेवढा ट्रकचा धूर, आणि शेवटी भट्टी. पण बाळं वाचवायची तर कागदच, असं मी स्वतः लिहून दिलं. ते चूक नव्हतं असं आजही म्हणते.

साहेब म्हणाले, “घेऊ. पण खप आवरायची जबाबदारी तुमची.”

मी ती घेतली. वॉर्डावॉर्डात पत्रक लावलं. दर सोमवारी पाकिटं मोजून देणार, जास्त लागली तर कारण लिहा. महिनाअखेर सगळ्यांत कमी खपाच्या वॉर्डातल्या मावशीचं नाव फळ्यावर. आणि एक गोष्ट मी तोंडी सांगितली. कंत्राटावरच्या बायकांतून त्या वर्षी एक जागा कायम होणार होती, नाव मी सुचवायचं होतं. “कामातली काटकसर बघितली जाईल,” असं मी सगळ्यांना उभं करून सांगितलं.

त्या उभ्या राहिलेल्यांत सिद्धव्वा मावशी होती.

सिद्धव्वा मैंदर्गीची. घरात कानडी, आमच्याशी मराठी. हॉस्पिटलात येण्याआधी दहा वर्षं ती टॉवेल कारखान्यात घडीला होती. म्हणजे मागावरून आलेला टॉवेल कापला-शिवला की त्याची घडी घालून डझनाचा गठ्ठा बांधायचा. डझनावर मजुरी. ती माझ्याशी बोलता बोलता बारा चादरींच्या घड्या घालायची आणि बाराही चादरींच्या कडा एका रेषेत यायच्या. तिचा नवरा त्याच कारखान्यात माग चालवायचा. सुताचा कण छातीत बसून आता तो दहा पावलं चालला की भिंत धरायचा. कायम झालेल्यांच्या घरच्यांना आमच्याकडे उपचार फुकट होते. सिद्धव्वाला कायम व्हायचं होतं ते एवढ्यासाठी, आणि ती ते लपवत नव्हती.

“मॅडम, माझं नाव ध्यानात हाय न्हवं?” ती दर सोमवारी पाकिटं नेताना विचारायची.

“मावशी, काम बोलेल.”

“कामाला कुटं तोंड असतंय वो? तुमीच बोला की.”

तिची नेमणूक बाळांच्या विभागात होती. तिसऱ्या महिन्यापासून तिथला खप उतरला. पाचव्या महिन्यात निम्म्यावर आला. बाकीच्या वॉर्डांतल्या बायका कुरकुरल्या की तिथं बाळंच आहेत, तिथं कोण हात पुसतंय. हे खोटं होतं, हात सगळ्यांत जास्त तिथेच धुतले जातात. ते मला ठाऊक होतं. तरी मी फळ्यावर सलग तीन महिने सिद्धव्वाचं नाव लिहिलं आणि साहेबांना आकडे दाखवताना मला अभिमान वाटला.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी मी टाक्यांची झाकणं बघायला गच्चीवर गेले. गच्चीच्या कोपऱ्यात जुन्या चादरीवर कागदी टॉवेल पसरलेले होते. ओळीनं, एकेक सुटा, प्रत्येकावर साबणाचा किंवा विटेचा तुकडा. सिद्धव्वा उकिडवी बसून वाळलेले उचलत होती.

“हे काय, मावशी?”

“वाळू घातलंय की.”

“कशाला?”

तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं. “काचा पुसाय बरं पडतंय.”

“वा,” मी म्हणाले. “सगळ्या वॉर्डांना सांगायला पाहिजे.”

हे बोलत असताना मला तिच्या मांडीशेजारी वाळलेल्या कागदांची थप्पी दिसत होती. त्या कागदांच्या घड्या घातलेल्या होत्या. भिंतीवरच्या डब्यात बसणारा कागद एकात एक अडकवलेला असतो, एक ओढला की पुढच्याचं टोक बाहेर येतं. ही थप्पी तशीच होती, टोकात टोक. काचा पुसायच्या कागदाची कोणी अशी घडी घालत नाही. मी मोजून पोट भरणारी बाई, पण तिथले कागद मोजले नाहीत. टाक्यांची झाकणं नीट होती. त्या ओळीवर लाल रेघ मारून मी जिना उतरले.

पुढे आषाढ-श्रावणात बरेच दिवस ढगाळ राहिलं. गच्ची ओली. हे नंतर कळलं, पण सिद्धव्वाने तेव्हा कागद चादरींच्या खोलीत, गरम पाण्याच्या टाकीमागे वाळवायला सुरुवात केली. उबदार, बंद, दमट जागा. कोणी जंतू पाळायचे ठरवले असते तर त्याने हीच जागा निवडली असती.

त्याच सुमाराला बाळांच्या विभागात एकापाठोपाठ तीन बाळं तापली. तिघंही दिवस भरायच्या आधी जन्मलेली. तिघांच्या रक्तात एकच जंतू आला. दोन सावरली. तिसरा मुलगा होता, नाव ठेवायचं राहिलं होतं, पाळण्यावर आईच्या नावाची पट्टी होती. तो गेला. त्याचे वडील खाली बाकावर बसले होते. त्यांना कुणीतरी चहा आणून दिला, तो त्यांनी हातातच धरून ठेवला. मी तेव्हा तिथली फरशी पुसून घेत होते, कारण ती वेळ फरशीची होती.

रेहाना सिस्टरनी विभाग उलटापालटा केला. नळ, पाळणे, ऑक्सिजनच्या नळ्या, सगळ्यांचे नमुने घेतले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. टेबलावर डब्यातले कागद पसरले होते. एकावर फिकट तपकिरी डाग होता, जखमेला लावायच्या औषधाचा. नव्या कागदावर.

“मॅडम, ये देखो. कागद नवा आणि डाग जुना, कसं?” त्यांनी दुसरा, तिसरा उचलला. “आणि ही घडी बघा. मशीन इतकी सीधी घालत नई. हे माणसाचं काम आहे.”

कुणाचं, ते त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलंही नाही. पण ती घडी मी ओळखली होती, एखाद्याचं अक्षर ओळखावं तशी.

चौकशीला मोठे डॉक्टर, साहेब, रेहाना सिस्टर आणि मी. सिद्धव्वाला बसायला खुर्ची दिली होती, ती उभीच राहिली. तिने काहीच नाकारलं नाही.

“लोक हात धुऊनच पुसतात की,” ती म्हणाली. “साबनानं, धा-धा डाव. मंग कागदाला काय लागतंय? नुसतं चांगलं पानी. ते वाळलं की कागद हाय तसा. येवढा पांढरा, येवढा जाड. आमच्याकडं लग्नात बी असला कागद बघितला न्हाय. टाकवत न्हवतं वो.”

“जंतू असतात, मावशी,” मोठे डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

“उनात मरतात म्हनं.”

“कोण म्हणालं?”

तिने माझं नाव घेतलं नाही. ते मी म्हणाले होते. गाद्या उन्हात घालायच्या असतात हे शिकवताना, दर वर्षीच्या प्रशिक्षणात, उन्हात जंतू मरतात असं मी फळ्यावर लिहून द्यायची. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मोठ्याने म्हणून घ्यायची.

“आणि ऊन नसताना?” रेहाना सिस्टरनी विचारलं.

“पाकिटं वाडली असती,” सिद्धव्वा म्हणाली. “नाव गेलं असतं.”

साहेब माझ्याकडे वळले. “मॅडम, तुम्हाला याची कल्पना होती?”

मी तोंड उघडायच्या आत सिद्धव्वा बोलली, “त्यांला काय ठाव? मी गच्चीवर गुपचूप करत होते.”

मी “नाही” म्हणाले नाही. “हो” पण म्हणाले नाही. साहेबांनी तेवढ्यात पुढचा मुद्दा घेतला. नंतर टाइप होऊन आलेल्या कागदावर ‘हाउसकीपिंग प्रमुखांस या प्रकाराची कल्पना नव्हती’ असं वाक्य होतं. मी ते वाचलं, दोनदा वाचलं आणि खाली सही केली.

रेहाना सिस्टरनी एकट्यांनीच एक वाक्य जास्त लिहायला लावलं. खप निम्म्यावर आला तेव्हा कोणी का विचारलं नाही, याचा खुलासा व्हावा. तो खुलासा माझ्याकडे कधीच मागितला गेला नाही. पत्रकं मात्र एका दिवसात भिंतीवरून उतरली आणि कागदावर पुन्हा मोजमाप नाही, असा हुकूम निघाला. तोही मीच लावला. आजही तिथे बाळांच्या विभागात पाहिजे तेवढा कागद मिळतो आणि पाहिजे तेवढा फेकला जातो. मोठमोठी खोकी येतात, काळ्या पिशव्या भरून जातात. ते बघून कधी कधी माझाही जीव तुटायचा. मी बोलायची नाही. त्या खोलीत काटकसरीवर बोलायचा हक्क मी घालवला होता.

कायमची जागा दुसऱ्या वॉर्डातल्या बाईला मिळाली. सिद्धव्वाला काढलं. कंत्राटदाराला फोन गेला, उद्यापासून ही बाई नको. गुन्हा दाखल करायचा नाही हे मोठ्या डॉक्टरांनी ठरवलं, कारण डब्यातला जंतू आणि बाळाच्या रक्तातला जंतू सारखा निघाला तरी तो कुठून कुठे गेला हे सांगता येत नव्हतं. नळालाही तोच सापडला होता. म्हणजे कागदावर पाण्यातून आला, की पाण्यात दुसरीकडून, की बाळापर्यंत कुणाच्या हातातून, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

नोकरी सोडणाऱ्याकडून सामान परत घ्यायची यादी माझीच. ओळखपत्र, लॉकरची किल्ली, दोन साड्या, रबरी चपला. दोन दिवसांनी सिद्धव्वा ते सगळं घेऊन माझ्या खोलीत आली आणि समोर बसली. साड्या धुऊन, घडी घालून आणल्या होत्या. मी एकेक वस्तू वाचली, तिने एकेक टेबलावर ठेवली, मग अंगठा उठवला. नवऱ्याला कसं आहे, हे विचारायचं माझ्या मनात होतं. विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं. मी शाईचा डबा बंद केला.

ती उठली नाही.

“मॅडम, एक विचारू? ते पोरगं कागदानंच गेलं का वो?”

“रिपोर्टात तसं नक्की लिहिलेलं नाही.”

“रिपोर्ट ऱ्हाऊ द्या. तुमाला काय वाटतंय?”

तिला बरं वाटेल असं काही सांगता आलं असतं. पण समोर बसलेल्या बाईने दोन दिवसांपूर्वी माझी नोकरी वाचवली होती, तिच्याशी तरी खोटं बोलू नये असं वाटलं.

“असू शकेल,” मी म्हणाले.

तिने मान हलवली. पदराने अंगठ्याची शाई पुसत राहिली. ती निघत नव्हती. तेव्हा मी म्हणाले, “मावशी, मी गच्चीवर बघितलं होतं. घड्या घातलेल्या पण बघितल्या होत्या.”

“ते मला ठाव हाय की,” सिद्धव्वा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, मला समजत कसं नाही याचं थोडं नवल होतं. “तुमी बघितलं आनि काय बोलला न्हाय. तवाच मी म्हनलं, चालतंय.”

तिने दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपला पायात घातल्या आणि गेली. फॉर्मवर ‘सामान मिळाले’ या ओळीपुढे माझी सही राहिली होती. ती मी केली.